हिरवाईमागचा बांध



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, त्यांच्यापुढे मी याच कोरगावात पाटी घेऊन बसलो. त्यांच्या स्मृतीस वंदन करून आपण दिलेल्या विषयाकडे, म्हणजे आपल्या परिसरातील निसर्ग व ऐतिहासिक स्थळांकडे वळतो.

काही वर्षांपूर्वी माझा भाचा मुंबईहून आला. त्याला मी चार दिवस पेडणे व डिचोली हे दोन्ही तालुके दाखविले. हरवळ्याची जांभ्या दगडात कोरलेली लेणी पाहिली. १६६८ साली शिवाजी महाराजांच्या आज्ञेने जीर्णोद्धार झालेले नार्वे येथील श्री सप्तकोटेश्वराचे मंदिर पाहिले. हरमलला समुद्रापासून चार पावलांवर असलेले गोड्या पाण्याचे तळे पाहून तो थक्क झाला. मग केरीहून तर ओलांडून आम्ही तेरेखोलच्या किल्ल्यात गेलो. सावंतवाडीकर भोसल्यांचा हा किल्ला १७४६ साली पोर्तुगीजांनी घेतला; १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी तिथे तिरंगा फडकविला आणि तुरुंगवास पत्करला.

परतताना आम्ही आपल्या खाजनाच्या बांधावर उभे राहिलो. एका बाजूला खाडीचे पाणी, दुसऱ्या बाजूला पोटरीला आलेले भात. भाच्याने विचारले, "मामा, हा कोणत्या किल्ल्याचा तट?"

मी हसलो, पण प्रश्न मनात राहिला. तो तटच आहे. फरक इतकाच, की त्याच्यापलीकडचा शत्रू दिवसातून दोनदा चाल करून येतो. भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्या दाबाने मानशीचे दार आपोआप मिटते. ओहोटी लागली की आतले पाणी तेच दार ढकलून बाहेर पडते. पावसाळ्यात मातीतले मीठ धुऊन गेले की खारेपणा सोसणारे कोरगुट भात उभे राहते. ही योजना कोणा राजाची नव्हे. चिखल, दगड आणि गावकरीची शिस्त एवढ्यावर ती शतकानुशतके टिकली. १७८८ साली पेडणे पोर्तुगीजांकडे गेले, १९६१ साली गोवा मुक्त झाला. निशाणे बदलली, पण बांधावर माती घालण्याचे काम चुकले नाही.

ते चुकले आमच्या पिढीत. इथे मला एक कबुली द्यायची आहे. मुक्तीनंतर कूळ कायदा आला, कसणाऱ्याला न्याय मिळाला आणि बांधाची निगा राखणे कुळांच्या संघाचे काम झाले. डागडुजीच्या सभेचे बोलावणे माझ्याही घरी येई. मी पणजीला नोकरीत होतो, गेलो नाही. माझ्यासारखेच इतरही गेले नाहीत. एका पावसाळ्यात बांधाला भगदाड पडले, खारे पाणी आत शिरले आणि आमचे शेत कायमचे पडीक झाले. आज तिथे खारफुटी माजली आहे. पाहुणे तिची छायाचित्रे घेतात, कारण तीही हिरवीच दिसते. खारफुटीवर माझा राग नाही. मात्र त्या हिरवाईखाली माझ्या आजीचे शेत आहे, हे छायाचित्रात दिसत नाही.

विद्यार्थी मित्रहो, २०२२ साली मोप्याच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. आता जग आपल्या दारी येईल आणि विचारील, "इथे पाहण्यासारखे काय आहे?" किल्ला दाखवा, देऊळ दाखवा, लेणी दाखवा. त्यानंतर बांधावरही न्या. परंतु त्याआधी स्वतः एकदा त्यावरून चालत जा. कुठे माती खचली आहे, खेकड्यांनी कुठे भोके पाडली आहेत, मानशीची कोणती फळी कुजली आहे, हे पाहा आणि घरी येऊन वडीलधाऱ्यांना सांगा. किल्ल्याची पडझड झाली तरी तो इतिहास म्हणून उरतो. बांध पडला तर मागे काहीच उरत नाही.

गुरुजी आम्हांला शाळेत उशिरा येण्याबद्दल कधी मारीत नसत, फक्त विचारीत, "तुझ्या जागेवर आज कोण बसले होते?" सभेला न गेलेल्या त्या दिवसांविषयी त्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नाही. तुमच्यापाशी असावे, एवढीच इच्छा व्यक्त करून आपली रजा घेतो.