काजूचा डोंगर आणि पायथ्याचे गाव



पिकावर कीड पडली की शेतकरी दुकानातून 'औषध' आणतो. गावोगाव हाच शब्द रूढ आहे आणि अनर्थाचे बीज त्यातच आहे. औषध रोग्याला बरे करते. कीटकनाशक हे मूलतः विष आहे. त्याचा उपयोग आहे, तद्वतच त्याला मर्यादाही आहेत. त्या मर्यादांचे भान सुटले म्हणजे काय घडते, हे समजून घेण्यासाठी केरळ राज्याच्या उत्तर टोकास असलेल्या कासरगोड जिल्ह्याची हकीकत प्रत्येक गावाने ऐकावी अशी आहे.

प्रथम न्यायाची गोष्ट सांगितली पाहिजे. डी.डी.टी. या रसायनाचा कीटकनाशक गुण पॉल म्युलर यांनी १९३९ साली शोधला आणि त्याबद्दल त्यांना १९४८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात १९५३ साली राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यापूर्वी दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे; साठीच्या दशकात ही संख्या लाखाच्या आसपास आली. रसायनांनी माणसाचे प्राण वाचविले, हे नाकारता येणार नाही. तथापि १९६२ साली रेचेल कार्सन या अमेरिकन लेखिकेने आपल्या 'सायलेंट स्प्रिंग' या ग्रंथात दुसरी बाजू जगापुढे मांडली. हे विष केवळ किडीपाशी थांबत नाही, असे त्यांचे सांगणे होते.

कासरगोडला तेच अनुभवास आले. तेथील डोंगरांवर केरळ राज्याच्या वृक्षलागवड महामंडळाच्या काजूच्या विस्तीर्ण बागा आहेत. काजूच्या कोवळ्या पालवीचा व मोहोराचा रस शोषणारा ढेकण्या हा गोवा आणि कोकणातील बागायतदारांच्याही परिचयाचा शत्रू. त्याच्या नाशासाठी सत्तरीच्या दशकाच्या अखेरीपासून २००० सालापर्यंत या बागांवर हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारण्यात येत असे. डोंगराळ प्रदेशात हेलिकॉप्टर झाडांच्या शेंड्यालगत ठेवणे कठीण. त्यामुळे फवारा वाऱ्याबरोबर वाहत जाऊन घरांवर, विहिरींवर आणि ओढ्यांवर उतरे. या भागात पाण्यासाठी डोंगराच्या कुशीत आडवी भुयारे खणण्याची जुनी रीत आहे. त्यांना सुरंग म्हणतात. डोंगरमाथ्यावर पडलेले विष पावसाच्या पाण्याबरोबर खाली येण्यास वाट तयारच होती.

पहिली साक्ष मुक्या प्राण्यांनी दिली. मधमाश्या नाहीशा झाल्या, ओढ्यांतील मासे व बेडूक मेले, गुरांना व्यंग असलेली वासरे होऊ लागली, असे तेथील ग्रामस्थांनी सांगितले. पुढे पडरे आणि आसपासच्या गावांत जन्मजात व्यंगे, मेंदूचे विकार आणि अपस्मार यांनी ग्रस्त मुले मोठ्या संख्येने आढळू लागली. तेथे वैद्यकी करणारे डॉ. मोहनकुमार यांच्या ते प्रथम ध्यानात आले. कृषी खात्यातच नोकरीस असलेल्या लीलाकुमारी अम्मा यांनी १९९८ साली न्यायालयात दाद मागितली आणि हवाई फवारणीला मनाई मिळविली. शासकीय सेवेतील एका सामान्य कर्मचारी स्त्रीने हे धैर्य दाखविले, ही गोष्ट अधिकारीवर्गाने विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

त्यानंतर अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने या भागातील ११७ शाळकरी मुलग्यांची तुलना फवारणी न झालेल्या गावातील ९० मुलग्यांशी केली. फवारणीच्या भागातील मुलांच्या रक्तात एंडोसल्फानचे प्रमाण पुष्कळ अधिक आढळले आणि त्यांना वयात येण्यास विलंब होत असल्याचे दिसले. हा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. पुढे नेमलेल्या सर्वच समित्यांचे निष्कर्ष मात्र एकसारखे नव्हते. वाद चालू राहिला आणि आजारी मुले वाढत्या वयाबरोबर आईच्या कडेवरच राहिली. अखेर १३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभर एंडोसल्फानचे उत्पादन, विक्री व वापर थांबविला. त्याच वर्षी स्टॉकहोम येथील आंतरराष्ट्रीय करारानेही त्याचा समावेश निषिद्ध रसायनांत केला. जानेवारी २०१७ मध्ये प्रत्येक पीडितास पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश न्यायालयाने दिला. फवारणी थांबल्यापासून या आदेशापर्यंत सोळा वर्षे लोटली होती.

विष एवढे दूरवर कसे पोहोचते? एंडोसल्फान, डी.डी.टी. यांसारखी क्लोरीनयुक्त रसायने लवकर विघटित होत नाहीत आणि प्राण्यांच्या चरबीत साठतात. पाण्यातील सूक्ष्म जीवांत त्यांचा अंश अत्यल्प असतो. ते जीव लहान मासा खातो, लहान माशाला मोठा मासा आणि मोठ्या माशाला पक्षी खातो. प्रत्येक पायरीवर साठा वाढत जातो. डी.डी.टी.मुळे ससाण्यासारख्या शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे पातळ होऊन ती उबविताना फुटू लागली, हे इंग्लंड-अमेरिकेत सिद्ध झाले आहे. या साखळीच्या शेवटच्या कडीवर माणूसही आहे.

फॉस्फरसयुक्त विषे दीर्घकाळ टिकत नाहीत. परंतु ती तत्काळ घातक ठरतात. मज्जातंतूंचा संदेश थांबविणारे शरीरातील द्रव्य ती निकामी करतात. घाम व लाळ सुटणे, बाहुल्या बारीक होणे, उलट्या, स्नायूंना झटके आणि श्वास कोंडणे ही त्यांची लक्षणे होत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. कपाशी डोक्याइतकी वाढली होती. फवारा वर मारावा लागे आणि तो अंगावरच येई.

कायदा नाही असे नाही. १९५८ साली केरळात पॅराथिऑन मिसळलेले अन्न खाऊन शंभरावर माणसे मेली. त्या दुर्घटनेच्या चौकशीतूनच पुढे १९६८ चा कीटकनाशक अधिनियम आला. त्यानुसार प्रत्येक डब्यावर कोनावर उभ्या चौकोनाचे, म्हणजे हिऱ्याच्या आकाराचे चिन्ह असते. लाल म्हणजे अतिजहाल, पिवळे म्हणजे जहाल, निळे म्हणजे मध्यम आणि हिरवे म्हणजे सौम्य विष. वाचता न येणाऱ्यासही रंग कळतो. म्हणून शिक्षकांनी हे चार रंग वर्गात शिकवावेत. मूल ते घरी जाऊन आईबापांना सांगेल.

शेतकऱ्यांनी पुढील पथ्ये कटाक्षाने पाळावीत. कीड नुकसानीच्या पातळीवर पोहोचल्याखेरीज फवारू नये. दोन विषे स्वतःच्या अंदाजाने एकत्र करू नयेत. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये. अंग झाकावे, हातमोजे व तोंडाला आच्छादन वापरावे, नंतर साबणाने स्नान करावे. मोहोरावर मधमाश्या असताना फवारणी टाळावी. कारण काजूची फळधारणा कीटकांवरच अवलंबून आहे. रिकामा डबा पाणी वा तेल ठेवण्यास कधीही वापरू नये. जेथे निंबोळीच्या पाच टक्के अर्काने काम भागते तेथे जहाल विषाकडे वळू नये. विषबाधा झाल्यास रोग्याबरोबर डबाही डॉक्टरांकडे न्यावा, म्हणजे योग्य उपचार तत्काळ करता येतील.

गोव्याचे, सिंधुदुर्गाचे आणि खानापूर भागाचे डोंगर कासरगोडसारखेच जांभ्या दगडाचे आहेत, त्यांवर काजू आहे आणि पायथ्याशी गावाची विहीर आहे. डोंगरावर जे पडेल ते विहिरीत उतरेल. एवढे एक सत्य ग्रामसभेने, कृषी अधिकाऱ्याने आणि गुरुजींनी मनाशी धरले, तरी कासरगोडच्या मुलांनी भोगलेले दुःख अगदीच व्यर्थ गेले असे म्हणावे लागणार नाही.