आबांचा ताप आणि 40 टक्क्यांचं गणित

आजचा विषय थेट घरातला आहे.

माझे आबा अकोल्यात राहतात. वय 74, शुगर आणि बीपी दोन्ही. मागच्या जूनमध्ये मी अमरावतीहून गेलो आणि त्यांना फ्लूची लस देऊन आणली. ऑगस्टमध्ये त्यांना ताप आला. लगेच फोन: "काहून रे बाप्पा, सुई तं घेतली होती नं? मंग ताप कायले आला?"

खरं सांगतो, तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. ताप चार दिवसांत उतरला. तो फ्लूचा होता की दुसऱ्या कुठल्या व्हायरसचा, हे आम्ही तपासलंच नाही. आणि एका माणसावरून लस चालली की नाही हे ठरत नाही.

मग आकडे बघायचे. लस 40 टक्के परिणामकारक म्हटलं, की वाटतं घेतलेल्या शंभरातले साठ आजारी पडणार. तसं नाही. समजा, लस न घेतलेल्या हजार म्हाताऱ्या माणसांपैकी 10 जण फ्लूमुळे ॲडमिट होतात. तर घेतलेल्या हजारातून साधारण 6 होतील. म्हणजे चार खाटा वाचल्या.

वय वाढलं की लसीला शरीराचा प्रतिसाद कमी होतो, हे खरंय. पण ॲडमिट होण्याचा धोकाही त्याच वयात जास्त असतो. त्यात फ्लू फक्त छातीपुरता राहत नाही. कॅनडातल्या 2018 च्या एका अभ्यासात फ्लू झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हार्ट ॲटॅकचं प्रमाण सुमारे सहापट दिसलं. बीपीवाल्या आबांसाठी मला हीच भीती जास्त वाटते.

2009 चा स्वाइन फ्लू आठवतो? देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला होता. तो एच-वन-एन-वन गेला नाही, आता नेहमीच्या फ्लूमध्येच फिरतो आणि दरवर्षीच्या लसीत असतो. व्हायरस रूप बदलतो, म्हणून लस दरवर्षी घ्यावी लागते.

आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू वाढतो. लसीचा असर यायला दोन आठवडे लागतात. म्हणून यंदा आम्ही मे महिन्यातच, डॉक्टरांना विचारून, लस घेतली.

आबांना एवढंच सांगितलं, "आबा, ताप येऊ शकते. पण दवाखान्यात भरती व्हायची पाळी कमी येते."

आबा म्हणाले, "मंग असं सांग नं आधी!"

आज घरी फोन लावा. भेटू पुढच्या भागात.