जुबिलीचें शिंग आणि घरची वही

(सुवर्णमहोत्सवी प्रवचनमालेंत धर्मगुरूंनीं दिलेलें व्याख्यान)



आपल्या धर्मग्रामास पन्नास वर्षें पूर्ण झालीं. मंदिर सजलें आहे, मांडव पडला आहे, बँडवाले दारीं उभे आहेत. अशा आनंदाच्या वेळीं पैशाचा विषय कशाला, असें कोणी मनांत म्हणेल. परंतु जुबिली हा शब्दच मुळीं जमिनीपासून आणि कर्जापासून वेगळा करतां येत नाहीं. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत देवाची आज्ञा आहे कीं, सात वेळां सात वर्षें लोटल्यावर, पन्नासाव्या वर्षीं, प्रायश्चित्ताच्या दिवशीं देशभर शिंग फुंकावें; ज्यानें गरजेपायीं वडिलार्जित जमीन विकली असेल त्यास ती परत मिळावी, आणि ज्यानें दारिद्र्यापायीं स्वतःस विकलें असेल त्यानें आपल्या कुळांत परत जावें. एडक्याच्या शिंगाचें हिब्रू नांव 'योबेल'. त्यावरूनच जुबिली हा शब्द आला. म्हणजे पहिली जुबिली रोषणाईची नव्हती. ती नागवलेल्या माणसाच्या घरीं परतण्याची होती.

२०२५ च्या जुबिली वर्षाची घोषणा करतांना दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीं श्रीमंत राष्ट्रांस गरीब राष्ट्रांचीं कर्जें माफ करण्याची विनंती केली. राष्ट्रांचीं कर्जें माफ करणें आपल्या हातीं नाहीं. आपल्या घरांतील कर्ज उजेडांत आणणें मात्र आपल्या हातीं आहे, आणि आज आम्हांस तेवढेंच सांगावयाचें आहे.

आपण येथें कसे आलों हें आठवूं या. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वांत आलें, आणि पिंपरी, चिंचवड, भोसरीच्या माळरानांवर कारखाने उभे राहिले. आपल्यापैकीं कित्येकांचे वडील श्रीरामपूर, राहाता, संगमनेर या बाजूंनीं येथें आले. शेतांत पैसा वर्षांतून एकदां-दोनदां हातीं येई. येथें तो महिन्याच्या ठराविक दिवशीं येऊं लागला. पुढें स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आल्या, आणि ज्यांनीं आयुष्यांत एवढी रक्कम एकत्र पाहिली नव्हती त्यांच्या हातीं एकदम लाखो रुपये पडले. आज चाकणांत मोटारी बनविणाऱ्या आपल्या तरुणांपैकीं पुष्कळजण कंत्राटावर आहेत. यंदा पगार आहे, पुढील वर्षीं असेल कीं नाहीं हें त्यांस ठाऊक नाहीं. हंगामी पैसा, मासिक पैसा, एकरकमी पैसा आणि अनिश्चित पैसा, असे चारी प्रकार आपण पाहिले. प्रत्येकास निराळी शिस्त लागते. ती आम्हां धर्मगुरूंनीं तुम्हांस शिकविली नाहीं. आम्ही दानपेटीविषयीं बोललों, पगाराच्या पाकिटाविषयीं बोललों नाहीं.

याची किंमत काय पडते तें आम्हांस एका घरानें शिकविलें. त्या कुटुंबाच्या संमतीनें, नांवगांव वगळून, सांगत आहों. कांहीं वर्षांपूर्वीं एक कामगार लागोपाठ तीन रविवारीं सॅक्रिस्टींत आला, पाकीट पुढें केलें, आणि "फादर, एक खास हेतु आहे, मिस्सांत आठवण ठेवा," इतकेंच बोलून गेला. आम्हीं पाकीट घेतलें, आठवण ठेवली. हेतु काय हें विचारलें नाहीं. चौथ्या रविवारीं त्याची पत्नी आली. नवरा चार दिवस घरीं नव्हता.

हळूहळू सारें उलगडलें. बरोबरच्या एका कामगाराच्या कर्जास तो जामीन राहिला होता. कंत्राट संपतांच कर्जदार परागंदा झाला, आणि हप्ते याच्या माथीं आले. तूट भरून काढण्यास त्यानें पत्नीच्या नकळत तिचे दागिने गहाण ठेवले. तेंही पुरेना, तेव्हां एका सावकाराकडून दरमहा शेंकडा पांच व्याजानें पन्नास हजार घेतले. हिशोब करून पाहा. महिन्यास अडीच हजार, वर्षास तीस हजार. आणि वर्षाअखेर मुद्दल जसेंच्या तसें पन्नास हजार!

बाई म्हणाली, "कर्जाचें मला कांहीं नाहीं, फादर. दोघें राबूं, फेडूं. पण दोन वर्षें माझ्या शेजारीं बसून जेवले आणि मला एका शब्दानें बोलले नाहींत." तें वाक्य आमच्याही वर्मीं लागलें. त्यानें सांगितलें नाहीं, हें खरें. परंतु आम्हींही विचारलें नाहीं. तीन वेळां पाकीट घेतलें, आणि देणाऱ्याचा चेहरा पाहिला नाहीं.

तो गांवाकडे भावाच्या घरीं सांपडला. परतल्यावर एका संध्याकाळीं त्यांच्या स्वयंपाकघरांत आम्ही तिघे बसलों. मुलीच्या शाळेची अर्धी कोरी वही घेतली. एका पानावर येणें, दुसऱ्यावर देणें, तिसऱ्यावर रोजचा खर्च. लिहितां लिहितां त्याचा हात दोनदां थांबला. कारण दोन देणीं त्यानें त्या क्षणापर्यंतही लपविलीं होतीं. मोटारसायकल विकून आधीं सावकारास मोकळें केलें, कारण सर्वांत जड व्याज तेथें होतें. मग दागिने सोडविले. जामिनकीचे हप्ते चार वर्षें चालले. त्या चार वर्षांत कोणताही चमत्कार घडला नाहीं. वही मात्र रोज लिहिली गेली, आणि दोघांच्या अक्षरांत लिहिली गेली.

बंधूंनो, मैत्रीपोटीं सही करण्यापूर्वीं कायदा जाणून घ्या. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणें, वेगळें कांहीं ठरलें नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. नीतिसूत्रें हा ग्रंथ तर जामीन राहिलेल्यास पारध्याच्या हातीं सांपडलेल्या हरिणाची उपमा देतो. म्हणून जेवढी रक्कम दान म्हणून देण्याची पतिपत्नी दोघांची तयारी असेल, तेवढ्यासच जामीन राहावें. आणि परवान्याशिवाय चालणारी सावकारी महाराष्ट्रांत २०१४ च्या कायद्यानें गुन्हा आहे. तिची तक्रार सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांकडे करतां येते. भिऊन गप्प बसूं नका.

दुसरें, समारंभांचें. बुरूज बांधूं पाहणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हें प्रभूनेंच संत लूकच्या शुभवर्तमानांत सांगितलें आहे. आपल्याकडे लग्नाच्या मांडवाचें कर्ज पहिल्या मुलाच्या बाप्तिस्म्यापर्यंत पुरतें, आणि बाप्तिस्म्याच्या जेवणाचें त्याच्या प्रथम ख्रिस्तप्रसादापर्यंत. साक्रामेंतांची माळ कर्जाच्या दोऱ्यांत ओवली जाते! मोबाईलवर पांच मिनिटांत मिळणाऱ्या कर्जानें तर हा दोरा अधिकच लांबविला आहे.

तिसरें, बचतीचें. कोणी म्हणतात, देवावर विश्वास असतां सांठवावें कशाला? ज्या प्रभूनें पांच भाकरींत पांच हजारांस जेवूं घातलें, त्यानेंही उरलेले तुकडे वायां जाऊं दिले नाहींत. बारा टोपल्या भरून घेतल्या. संत पौलानेंही करिंथकरांस दर आठवड्याच्या पहिल्या दिवशीं कांहीं बाजूस ठेवण्यास सांगितलें. आणि तें स्वतःसाठीं नव्हे, यरुशलेमच्या गरिबांसाठीं. बचत व दान हीं सख्खीं भावंडें आहेत. दोन्हीं खर्चाच्या आधीं काढावीं लागतात, उरल्यावर नव्हे. तरुणांनो, कंत्राट बदललें कीं भविष्यनिर्वाह निधि काढून खर्चण्याची संवय सोडा. तो म्हातारपणींच्या भाकरीचा तुकडा आहे.

हें कार्य धर्मसभेस नवें नाहीं. १४६२ सालीं इटलींतील पेरुजिया नगरांत फ्रान्सिस्कन साधूंच्या प्रेरणेनें गरिबांस अल्प दरानें गहाणावर कर्ज देणारी पेढी निघाली. छोटा नागपुरांत जेझुइट फादर हॉफमन यांनीं १९०९ सालीं आदिवासींना सावकारांपासून सोडविण्यास सहकारी पतसंस्था काढली. आणि आपल्या महाराष्ट्रांत, वसईस, मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकारानें १९१८ सालीं जें लहानसें रोप लावलें गेलें, तीच आजची बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक. त्या धर्मगुरूंस हिशोबाची लाज वाटली नाहीं. आम्हांस कां वाटावी?

म्हणून या जुबिलीनिमित्त आम्ही तीन वचनें देतों. धर्मग्रामाचा जमाखर्च, या महोत्सवाच्या खर्चासह, दर तीन महिन्यांनीं मंदिराच्या दारावर लावला जाईल. जो तुमची वही पाहूं इच्छितो त्यानें आधीं आपली दाखवावी. दर शनिवारीं सायंकाळीं हिशोबांत मुरलेले दोन निवृत्त कामगारबंधु सभागृहांत बसतील. ज्यास वही मांडावयाची असेल त्यानें पत्नीसह यावें. आणि यापुढें कोणी 'खास हेतु' म्हणून पाकीट पुढें केलें, तर आम्ही त्यास खुर्ची देऊं आणि काय झालें तें विचारूं.

तुमच्याकडून एकच मागणें आहे. आज रात्रीं जेवणें झाल्यावर, मुलें निजल्यावर, पतिपत्नींनीं एक वही उघडावी आणि जें आजवर सांगितलें नाहीं तें सांगावें. ऐकणाऱ्यानें आधीं रागावूं नये. तें शिंग कोणास ऐकूं जाणार नाहीं, परंतु त्या घरीं जुबिली सुरू झालेली असेल.

प्रभु तुमच्या कष्टांस यश देवो, आणि तुमच्या घरांत कांहींही लपविण्याची वेळ तुम्हांवर न येवो. आमेन.