कर्दळीचा गड्डा आणि संत्र्याचा डोळा
(नागपूर जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापूस-ज्वारीवाल्यांच्या मेळाव्यात कर्दळीचे काय काम, असे तुम्ही म्हणाल. काम आहे. कचेरीपुढच्या वाफ्यातली कर्दळ एकदा नीट पाहा. पानावर शिरांच्या कडेने पिवळे पट्टे असतील, कडा करपलेल्या असतील. माळी म्हणतो, खत कमी पडले. पुष्कळदा तो विषाणू असतो. अशा कर्दळीचा गड्डा फोडून दहा जागी लावला, तर दहाही रोगट निघतात. नर्सरीवाल्याने रोपे वाढवली नाहीत, रोग वाढवला.

आपल्याला ही गोष्ट नवी वाटते, कारण आपण सरकी पेरतो, ज्वारी पेरतो. बहुतेक विषाणू बियांत उतरत नाहीत. पण गड्डा किंवा डोळा म्हणजे जुन्या झाडाचाच तुकडा. झाडाचे दुखणे त्याच्याबरोबर येते.

आता आपल्या वावरात या. विहिरीला पाणी लागले की कापूसवाला पहिला विचार करतो संत्र्याचा. सहा बाय सहा मीटरवर एकरी सुमारे ११० कलमे. पन्हेरीवाला जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधतो. तो डोळा कोणत्या झाडाचा? आम्ही कृषीची पदवी खिशात असूनही पहिल्या वेळी हे विचारले नाही. कलमाची उंची पाहिली, भाव पाडून घेतला आणि स्वतःला शहाणे समजलो.

लिंबूवर्गीय झाडांत ट्रिस्टेझा नावाचा विषाणू आहे. या शब्दाचा अर्थच दुःख. १९३० नंतर ब्राझील-अर्जेंटिनात आंबट नारिंगीच्या खुंटावरची लाखो झाडे त्याने मारली. जंबेरीवरचा संत्रा तो पुष्कळ सोसतो. म्हणूनच फसगत होते! झाड हिरवे दिसते आणि डोळ्यातून रोग पुढे जातो. शेजारी कागदी लिंबू असेल तर मावा तो तिथे पोचवतो. लिंबाचे कोवळे पान उजेडाकडे धरा. बारीक शिरा तुटक, पारदर्शक दिसल्या तर संशय घ्या.

याला औषध नाही. फवारणीने मावा मरतो, झाडातला विषाणू मरत नाही. उपाय एकच, आई निरोगी हवी. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत शेंड्याचा अगदी सूक्ष्म तुकडा कलम करून विषाणूमुक्त झाडे तयार करतात. विद्या आपल्या दाराशी आहे.

कायदाही आहे. १९६९ च्या महाराष्ट्राच्या फळरोपवाटिका कायद्याने पन्हेरीला परवाना लागतो, आणि खुंट व डोळा कोठून आणला याची नोंद ठेवावी लागते. पण नोंदवही मागणाराच नसेल तर ती कोण लिहील? बियाण्याची पिशवी फसवी निघाली तर एक हंगाम जातो. कलम फसवे निघाले तर पाच वर्षांचे पाणी, खत आणि घरच्यांची मजुरी मातीत जाते.

म्हणून भाव करण्याआधी तीन गोष्टी मागा: परवाना, मातृवृक्षाची नोंद आणि खुंट व डोळ्याचा उल्लेख असलेली पक्की पावती. एकट्याला पन्हेरीवाला हसेल. गावच्या वीस जणांनी मिळून दोन हजार कलमांची मागणी नेली, तर खुर्ची देईल.

असे वीस जण आज कोणकोणत्या गावांत जमतील, त्यांनी हात वर करावेत.