बुधवारचा मोर्चा
(सोलापूर येथील कार्यकर्ता शिबिरात केलेले भाषण)



मोर्चा आपल्याला नवा नाही. पूनम गेटसमोर उन्हात बसून आपल्या विडी कामगार बायांनी आयुष्यातले किती दिवस घालवले असतील! तरी आज मला परक्या शहरातला एक मोर्चा सांगायचा आहे.

2023 च्या ऑक्टोबरात प्रशिक्षणासाठी मी दक्षिण कोरियात, सोलला गेले होते. एका बुधवारी दुपारी तिथल्या कार्यकर्तीने मला जपानी वकिलातीजवळच्या रस्त्यावर नेले. फार तर शंभर माणसे. त्यात शाळकरी मुलीही होत्या. जवळच ब्राँझचा पुतळा: खुर्चीवर बसलेली अनवाणी मुलगी, टाचा जमिनीला न टेकलेल्या, शेजारी एक रिकामी खुर्ची. पलीकडे विरोधक कर्णे लावून ओरडत होते, मध्ये पोलीस. भाषा कळत नव्हती, पण देखावा ओळखीचा होता.

दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने कोरिया, चीन, फिलिपाईन्समधल्या मुलींना लष्कराच्या वेश्यागृहांत डांबले. जवळजवळ अर्धे शतक बहुतेकींनी तोंड उघडले नाही. लाज त्यांच्याच वाट्याला आली होती ना! 14 ऑगस्ट 1991 रोजी किम हाक-सुन यांनी स्वतःच्या नावानिशी जाहीर साक्ष दिली. 8 जानेवारी 1992 पासून बुधवारची निदर्शने सुरू झाली. हजाराव्या बुधवारी, 2011 साली, तो पुतळा बसला. कोरियात अशा 240 स्त्रियांची नोंद झाली. आज हयात आहेत त्या बोटांवर मोजण्याइतक्या.

शेजारी उभी कार्यकर्ती समजावून सांगत होती. 2015 मध्ये दोन्ही सरकारांनी करार केला, जपानने 100 कोटी येन द्यायचे आणि प्रश्न कायमचा मिटला म्हणायचे. त्या म्हाताऱ्या बायांना कुणी विचारले नाही. पुढे 2020 मध्ये त्यांच्यातल्याच ली योंग-सू यांनी खुद्द संघटनेलाच देणग्यांचा जाब विचारला. संघटनेच्या माजी प्रमुखांना नंतर न्यायालयाने दोषी ठरवले. हेही सांगायला हवे. आपण आपले तेवढे लपवतो.

आणि मला तिथे उभ्या उभ्या आपल्या वस्तीतली एक मुलगी आठवली. 2019 साली विड्या तपासून घेणाऱ्या माणसाने तिचा हात धरला होता. आम्ही मध्ये पडलो. 'बदनामी नको, कोर्टकचेरी नको' म्हणत तिच्या वडिलांशी बोलून पैशावर मिटवले. मी एम.एस.डब्ल्यू. झालेली, तडजोडीच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही माझी. ती दाराआड उभी होती.

परत आल्यावर तिच्याकडे जायला मला वर्ष लागले. मांडीवरचे सूप बाजूला न करता ती म्हणाली, "ताई, पैसे छपराला गेले, बरंच झालं. पण त्यानं सगळ्या बायांसमोर माफी मागायला पाहिजे होती. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं."

हे मी तिच्या परवानगीने सांगते आहे. तो माणूस अजून तिथेच कामाला आहे. पुढच्या महिन्यात आम्ही दोघी तिथे जाणार आहोत. कुणाला यायचे असेल तर शिबीर संपल्यावर माझ्याकडे नाव द्या. पुढे काय बोलायचे ते मात्र ती ठरवेल.