ग्रंथ, शाळा आणि दलाल

(भिवंडी येथील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून पुष्कळांच्या कपाळाला आठी पडली असेल. पाचशे वर्षांपूर्वी युरोपात चर्चची सुधारणा झाली. तिच्याशी भिवंडीत माग चालविणाऱ्याला, कांडी भरणाऱ्या बाईला, भोवतालच्या गावांतल्या आगरी-कोळी शेतकऱ्याला काय करावयाचे आहे? शंका रास्त आहे. आम्ही येथे कोणाचा धर्म वाखाणावयास आलो नाही, की कोणाला धर्म सोडा असे सांगावयासही आलो नाही. पण ज्या शाळेत जोतीराव फुले शिकले ती शाळा कोणत्या विचारातून निघाली, हे ज्याला ठाऊक नाही त्याला आपल्याच चळवळीची अर्धी वंशावळ ठाऊक नाही, असे आमचे म्हणणे आहे.

इ. स. १५१७ मध्ये जर्मनीत मार्टिन ल्यूथर नावाच्या पाद्र्याने एका व्यापाराविरुद्ध आवाज उठविला. व्यापार कसला? पापाच्या शिक्षेची माफी पैसे घेऊन विकण्याचा. आपल्याकडे पिंडाला, ग्रहाला, मुहूर्ताला दक्षिणा मोजलेल्या माणसाला हा व्यापार निराळा समजावून सांगावयास नको. ल्यूथर म्हणू लागला की श्रद्धा ठेवणारा प्रत्येक माणूस स्वतःच पुरोहित आहे. देवाजवळ जाण्यास मध्ये दलाल नको. दलाल नको म्हटले की ग्रंथ स्वतः वाचला पाहिजे. पण ग्रंथ होता लॅटिन भाषेत, जी शेतकऱ्याला कळत नव्हती. म्हणून त्याने १५२२ त नवा करार आणि १५३४ त सबंध बायबल जर्मन भाषेत आणले. इंग्लंडातील विल्यम टिंडेलने हेच काम इंग्रजीत केले आणि त्याबद्दल १५३६ त त्याला प्राणास मुकावे लागले. भाषांतर केले एवढ्यासाठी माणूस मारला जातो, तेव्हा ज्ञानाची किल्ली कोणाच्या कनवटीला आहे हे ओळखावे.

येथे कोणी म्हणेल, ‘त्यात नवल ते काय? आमच्या ज्ञानेश्वरांनी १२९० तच गीता मराठीत आणली.’ खरे आहे. ल्यूथरच्या नव्या कराराआधी २३२ वर्षे हे काम महाराष्ट्रात झाले, याचा अभिमान आम्हांलाही आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात संतांच्या चळवळीची युरोपातल्या या सुधारणेशी तुलना केली आहे. पण तुलना अर्धीच जुळते. आपल्याकडे ग्रंथ मराठीत आला, शाळा मात्र आली नाही. कुणब्याने ओवी ऐकली, पाठ केली, दिंडीत गाइली. पण पोथी उघडून स्वतः वाचण्याची वेळ त्याच्यावर शेकडो वर्षे आली नाही. ऐकणाऱ्याला सांगणारा लागतोच, आणि जेथे सांगणारा लागतो तेथे दलाल पुन्हा हळूच येऊन बसतो.

सुधारणेच्या देशांत काय झाले ते पाहा. प्रत्येकाने ग्रंथ वाचावयाचा, तर प्रत्येकाला वाचता आले पाहिजे. ही साधी गोष्ट त्यांनी कायद्यात घातली. स्कॉटलंडात जॉन नॉक्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १५६० त योजना मांडली की प्रत्येक चर्चमागे एक शिक्षक असावा. १६९६ त तेथील पार्लमेंटाने गावोगाव शाळेचा कायदा केला. समुद्रापलीकडे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने १६४७ त ठरविले की ५० घरांच्या गावाने मुलांना वाचणे-लिहिणे शिकविणारा माणूस ठेवलाच पाहिजे.

आता हे दोन धागे मनात धरा. मॅसॅच्युसेट्समधून निघालेले मिशन १८१३ त मुंबईला उतरले; १८२४ त त्याने तेथे मुलींची शाळा काढली. स्कॉटलंडचे मिशन १८२३ त कोकणात बाणकोटला आले व पुढे मुंबई-पुण्यास पसरले. जोतीराव १८४१ ते १८४७ पुण्यास याच स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. पुढे अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांची मुलींची शाळा त्यांनी पाहिली, आणि १८४८ त पुण्यास आपली स्वतःची मुलींची शाळा काढली. नॉक्सच्या योजनेतला शिक्षक तीनशे वर्षांनी पुण्याला येऊन एका माळ्याच्या मुलापुढे उभा राहिला, असे म्हटले तर ते अलंकारिक बोलणे होणार नाही.

छापखान्याचेही तेच. १८११ त सेरामपूरला मराठी नवा करार छापणारा विल्यम केरी मूळचा जोडे शिवणारा. मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात जावजी दादाजी हा गरिबाघरचा पोर खिळ्यांचे काम शिकला. त्यानेच पुढे १८६९ त निर्णयसागर छापखाना काढला. ज्या शास्त्रग्रंथांना शूद्राने हात लावू नये म्हणत, ते याच्या खिळ्यांनी छापून घेताना मात्र कोणाला विटाळ झाला नाही! आणि मिशनच्याच ‘ज्ञानोदय’ पत्राने १८५५ त जोतीरावांच्या शाळेतली मांग जातीची मुलगी मुक्ता हिचा निबंध छापला. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आम्हांला धर्मग्रंथच नाही, मग आमचा धर्म कोणता, असा सवाल त्या मुलीने केला. तीन-साडेतीन वर्षे शिकलेल्या पोरीचा हा सवाल. त्याचे उत्तर आजतागायत सरळ मिळालेले नाही.

एवढे सांगितले म्हणून त्या सुधारणेची आरती ओवाळावी असे मात्र नाही. १५२५ त जर्मन शेतकरी उठले. त्यांनी बारा मागण्या छापून काढल्या. पहिलीच मागणी, आमचा धर्मोपदेशक आम्ही निवडू. ल्यूथरच्या ग्रंथावरूनच ते हे शिकले होते. पण ते हत्यार उचलतात असे दिसताच ल्यूथर राजेरजवाड्यांच्या बाजूला गेला, त्यांना ठेचा असे त्याने लिहिले, आणि हजारो शेतकरी कापले गेले. ज्यूंविषयीही त्याने १५४३ त विष ओकले. पुढे पंथापंथांत १६१८ पासून १६४८ पर्यंत तीस वर्षे युद्ध चालले. आमच्याकडे जे ख्रिस्ती झाले त्यांची जातही पुष्कळ ठिकाणी त्यांच्यामागून चर्चच्या दारात शिरली. तेव्हा धडा असा की पोप गेला म्हणजे दलाली गेली असे नव्हे. एक जातो, दुसरा त्याची गादी झाडून तयारच असतो.

आमच्या मते जोतीराव या सुधारकांच्याही एक पाऊल पुढे गेले. मिशनच्या शाळेत शिकून ते ख्रिस्ती झाले नाहीत. १८७३ त त्यांनी सत्यशोधक समाज काढला. निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थ नको, हे त्याचे मूळ तत्त्व. आणि त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ त निघालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त त्यांनी एक घर कल्पिले आहे. त्या घरात बाई बौद्ध ग्रंथ वाचून तो धर्म घेते, नवरा बायबल वाचून ख्रिस्ती होतो, मुलगी कुराण वाचून मुसलमान होते, मुलगा सत्यधर्मी. आणि सगळी एका छपराखाली प्रेमाने राहतात. लक्षात घ्या, त्या घरात प्रत्येकजण आधी वाचतो आणि मग ठरवितो. आणि वाचून निराळे ठरविणाऱ्याला घराबाहेर काढीत नाहीत. युरोपाला हा दुसरा भाग शिकावयास तीस वर्षांचे रक्त सांडावे लागले.

भिवंडीकरांनो, हे घर तुमच्याइतके कोणाला लागू आहे? येथे मराठी, उर्दू, तेलुगू, हिंदी बोलणारे हात एकाच कापडाचे ताणे-बाणे विणतात. याच गावाने १९७० आणि १९८४ सालचे दंगे पाहिले. त्या आगीत जळाले ते गरिबांचे माग आणि गरिबांची घरे. आग लावणाऱ्या चिठ्ठ्या, अफवा, भाषणे ज्यांनी गिळली त्यांपैकी कितीजणांनी आपला स्वतःचा धर्मग्रंथ तरी वाचला होता? ज्याला दुसरा सांगतो त्यालाच दुसरा भडकवितोही.

तेव्हा आमचे मागणे थोडे आहे. फुल्यांच्या तसबिरीला हार घालावयास आम्ही मना करीत नाही. पण हारापेक्षा पुस्तक स्वस्त पडते आणि ते सुकत नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ काढा. ज्याला वाचता येते त्याने पान वाचावे, ज्याला येत नाही त्याने ऐकत बसू नये, अक्षर शिकावयास बसावे. नाहीतर वाचणारा हाच नवा भट होईल. त्या बैठकीत बायका असल्याच पाहिजेत. आणि घरची मुलगी सातवी-आठवीतून काढून कामाला लावावयाची वेळ आली, तर मुक्तेचा सवाल आठवावा. तिला तीन वर्षे मिळाली, तेवढ्यात तिने सगळ्या शास्त्र्यांना निरुत्तर केले. तुमच्या मुलीला दहा-बारा वर्षे मिळाली तर ती काय विचारील, याची भीती दलालांना वाटू द्या. तुम्ही बाळगू नका.