फावल्या वेळाचे अर्थशास्त्र

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



छंद, प्रवास आणि फावल्या वेळातले शिक्षण हा विषय कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात घ्यावा काय, अशी शंका काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. महागाई, कंत्राटी मजुरी, शेतमालाचे भाव हे प्रश्न दाराशी उभे असताना छंदांची चर्चा म्हणजे पोट भरलेल्यांचे चोचले, अशी समजूत आपल्या चळवळीत पूर्वापार आहे. ती एकदा तपासून पाहिली पाहिजे. कारण ज्या मुंबईत या देशातील कामगार चळवळीने बाळसे धरले, तेथील तिच्या पहिल्या मागणीपत्रात पगारवाढ नव्हती, रविवार होता.

१८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. आठवड्याला एक दिवस सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार वेळेवर आणि अपघात झाल्यास भरपाई, असे त्यातील मागण्यांचे स्वरूप होते. त्यातल्या तीन मागण्या निव्वळ वेळेच्या आहेत, ही गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. लोखंडे सत्यशोधक होते, 'दीनबंधू'चे संपादक होते. माणसाला माणूस म्हणून जगण्यासाठी पोटाइतकाच वेळही लागतो, हे त्यांना कोणत्याही ग्रंथावाचून कळले होते. पुढे २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी मालकांच्या संघाने साप्ताहिक सुटी मान्य केली. आज आपण ज्या रविवारी उशिरा उठतो, तो असा मिळालेला आहे.

मिळालेला वेळ टिकतोच असे मात्र नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले. तोवर सूर्य मावळला की साचे थांबत. मालकाला नाइलाजाने सूर्याचे ऐकावे लागे. दिवे आले आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. यंत्र सुधारले म्हणजे श्रम आपोआप हलके होतात, या भाबड्या समजुतीला याहून चांगले उत्तर नाही. तो दिवस पुन्हा आखूड करायला चार दशके लागली. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत बारा तास, १९२२ च्या कायद्याने अकरा, १९३४ च्या कायद्याने दहा आणि स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नऊ तास व आठवड्याचे ४८, अशी ही पायरी-पायरीची उतरण आहे. प्रत्येक पायरीखाली संप आहेत.

या सोडवून घेतलेल्या वेळाचे कामगाराने काय केले? दारू प्याली, जुगार खेळला, हे उत्तर त्या काळच्या सभ्य समाजाने तयारच ठेवले होते. वस्तुस्थिती वेगळी होती. गिरणगावात भजनी मंडळे उभी राहिली, आखाडे आणि व्यायामशाळा निघाल्या. कोकणातून आलेल्यांनी आपली जाखडी आणली, घाटावरच्यांनी लेझीम आणि तमाशा आणला. १९११ मध्ये ना. म. जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. तिने रात्रशाळा, वाचनालये आणि वस्त्यांतून फिरणाऱ्या पुस्तकांच्या पेट्या चालविल्या. परळचे दामोदर नाट्यगृह त्याच कार्यातून उभे राहिले आणि कामगार रंगभूमीला हक्काचे छप्पर मिळाले. सुधारकांना वाटे, कामगाराने तमाशा सोडून पुस्तक धरावे. कामगाराने पुस्तक धरले आणि तमाशाही सोडला नाही! हा शहाणपणा सुधारकांपेक्षा मोठा होता.

अण्णा भाऊ साठे शाळेत जवळजवळ गेलेच नाहीत. मुंबईत मिळेल ते काम करीत ते अक्षरे शिकले. घाटकोपरच्या चिरागनगरात राहणारा हा माणूस १९६१ साली सोव्हिएत देशात जाऊन आला आणि 'माझा रशियाचा प्रवास' हे पुस्तक लिहिता झाला. नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले, पुढे त्याच पेशात शिक्षक झाले. १९६६ च्या आपल्या संग्रहाला त्यांनी 'माझे विद्यापीठ' हे नाव दिले. ही नावे आपण अभिमानाने घेतो, घ्यावीतच. पण त्यात एक धोका आहे. रात्री बाजाची पेटी काढून बसणाऱ्या, गच्चीवर कबुतरे पाळणाऱ्या, रविवारी बुद्धिबळाचा डाव मांडणाऱ्या हजारो कामगारांतून एकही अण्णा भाऊ निघाला नसता, तरी त्यांचा तो वेळ वाया गेला असे म्हणता आले नसते. छंदाकडे उत्पादनाच्या नजरेने पाहणे ही मालकाची दृष्टी आहे, ती आपण उसनी घेऊ नये.

प्रवासाचेही असेच आहे. १९३६ च्या जूनमध्ये फ्रान्समध्ये कारखाने व्यापून बसलेल्या कामगारांपुढे मालक नमले आणि लेऑं ब्लुम यांच्या समाजवादी नेतृत्वाखालील सरकारने दोन आठवड्यांची भरपगारी रजा व ४० तासांचा आठवडा यांचे कायदे केले. केवळ रजा देऊन हे सरकार थांबले नाही. खिशात भाडे नसेल तर रजा घरातच संपते, हे ओळखून लेओ लाग्रांज या तरुण उपमंत्र्याने रेल्वेचे ४० टक्के सवलतीचे तिकीट सुरू करविले. पहिल्याच वर्षी सुमारे सहा लाख लोकांनी ते काढले. त्यांतल्या कित्येकांनी तेव्हा प्रथमच समुद्र पाहिला. उजव्या वृत्तपत्रांनी लाग्रांजला 'आळसाचा मंत्री' म्हणून हिणवले. ही पदवी कोणत्याही समाजवाद्याने मिरवावी अशीच आहे.

आपल्याकडे सामान्य माणसाचा प्रवास पंढरीच्या वाटेने फार पूर्वी सुरू झाला होता. त्याला रजा लागे, पण तिकीट लागत नसे. आधुनिक काळात हे काम एस.टी.ने केले. १९८८ पासून चालू असलेली 'आवडेल तेथे प्रवास' ही तिची योजना म्हणजे चार किंवा सात दिवसांचा पास काढा आणि हवे तेथे जा. सार्वजनिक उपक्रम म्हणजे काय, हे समजावून सांगायला एवढे साधे उदाहरण दुसरे नाही. मार्च २०२३ पासून स्त्रियांना एस.टी.त अर्धे तिकीट झाले आहे. पण पास स्वस्त असून भागत नाही, रजा हवी. १९४८ च्या कारखाने कायद्यात भरपगारी रजेसाठी वर्षात २४० दिवसांचे काम लागे; नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आलेल्या संहितेने ही अट १८० दिवसांवर आणली. हे चांगलेच झाले. परंतु ठेकेदाराने हजेरीपटावरचे नाव वर्षातून दोनदा बदलले की १८० दिवसही भरत नाहीत.

इथे एक हिशेब आपल्या घरातला आहे. २०२४ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे. म्हणजे तिच्या दिवसातून दोनशे मिनिटे जास्त जातात. दोनशे मिनिटांत एक नाटक पाहून होते. स्त्रियांना जे छंद शिकविले गेले तेही पाहा : विणकाम, शिवणकाम, लोणची, पापड. ज्यातून घरखर्च वाचतो तो तिचा छंद! पुरोगामी कार्यकर्त्याचे घर याला अपवाद असते असे नाही. समतेवरील बैठक रात्री दहाला संपते आणि त्यानंतरचा चहा कोण करते, हे सर्वांना ठाऊक आहे.

शिक्षणाबाबत आता एक नवीनच प्रकार सुरू झाला आहे. 'आयुष्यभर शिकत राहा' हा उपदेश पूर्वी सुधारक करीत, आज तो नोकरी देणारे करतात. कामगाराने स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या रात्री खर्चून नवे कौशल्य शिकावे आणि सकाळी ते कामावर घेऊन यावे! अर्थशास्त्राच्या भाषेत, प्रशिक्षणाचा खर्च मालकाच्या खात्यातून कामगाराच्या झोपेच्या खात्यात वळविला जातो. रात्रशाळेत इतिहास किंवा ज्योतिष-पंचांगामागचे खगोल शिकणारा माणूस आणि नोकरी जाईल या धास्तीने अभ्यासक्रम उरकणारा माणूस, हे दोघेही शिकतच आहेत, पण पहिल्याचा वेळ त्याचा स्वतःचा आहे.

केन्सने १९३० साली भाकीत केले होते की शंभर वर्षांत माणसाला आठवड्याला पंधरा तास काम पुरेल. मुदत संपत आली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा ११५ तासांवरून १४४ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याची मर्यादा ४८ तासांचीच आहे आणि जादा कामाला कामगाराची संमती लागेल, असे सांगितले जाते. ठेकेदाराच्या दारात संमती म्हणजे काय असते, हे वेगळे सांगायला नको. बारा तास काम, तीन तास जाणे-येणे, सात तास झोप. उरले दोन. त्यात अंघोळ, जेवण, मुलाचा अभ्यास, आजारी आईचे औषध. १९११ च्या कायद्यातला आकडा एकशे चौदा वर्षांनी परत आला आहे.

याला विरोध करताना आपल्या पत्रकांत अपघात, थकवा, बेकारी यांचा उल्लेख असतो. तो असलाच पाहिजे. लोखंड्यांच्या मागणीपत्रातली पहिली ओळही त्यात असायला हवी. आणि वेळेबरोबर जागाही मागावी लागेल. दामोदर नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाले. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने गावोगाव अनुदानित वाचनालये झाली, परंतु त्यांतली कित्येक नेमकी कामगार घरी परततो त्या सुमारास कुलूप लावतात. प्रत्येक शाखेने या महिन्यात आपल्या गावच्या वाचनालयाची वेळ आणि जवळच्या औद्योगिक वसाहतीतील पाळ्यांची वेळ एका कागदावर शेजारी-शेजारी लिहून काढावी आणि तो कागद घेऊन ग्रंथालयाच्या कार्यकारिणीकडे जावे.